नियमराजाचा डोंगर आणि ग्रामसभेचा कौल

2013 च्या ऐन पावसाळ्यात ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात 12 ग्रामसभा भरल्या. सभेला न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर, भोवती पोलीस. डोंगरमाथ्यावर बॉक्साइटची खाण झाली, तर तिथल्या आदिवासींच्या नियमराजा या देवाच्या उपासनेला बाधा येईल का, याचा कौल गावांनी द्यायचा होता. पहिली सभा 18 जुलैला सेरकापाडीत झाली, शेवटची 19 ऑगस्टला जरपात. बाराही गावांनी खाण नाकारली.

हा कौल सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 च्या निकालाने मागितला होता. डोंगराच्या पायथ्याशी लांजीगडला वेदांत कंपनीचा अ‍ॅल्युमिना कारखाना आधीच उभा राहिला होता आणि त्याला नियमगिरीचं बॉक्साइट हवं होतं. 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने वनमंजुरी नाकारली, तेव्हा ओडिशाचं खाण महामंडळ न्यायालयात गेलं. न्यायालयाने 2006 च्या वनहक्क कायद्यासोबत राज्यघटनेतल्या धर्मस्वातंत्र्याच्या कलमांचाही आधार घेतला आणि नियमगिरीत राहणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेला कायद्याच्या दरबारात जागा दिली.

निकाल मोठाच होता. पण एक गोष्ट खटकते. डोंगर वाचवायला देवाची साक्ष का काढावी लागावी? उतारावरची नाचणी, हळद, अननस आणि बारमाही झरा, म्हणजे माणसाचं पोट, एवढं कारण पुरेसं का नाही?

डोंगरिया कोंधांना असा प्रश्न पडतच नाही, कारण पोट आणि देव यांची त्यांनी कधी वाटणी केलेली नाही. नियमराजा त्यांचा देव आणि पूर्वजही. माथ्यावरची झाडं तोडायची नाहीत, हा त्याचाच दंडक. माथ्यावरचा बॉक्साइटचा थर पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि वर्षभर झऱ्यांना पुरवतो. वंशधारा नदीलाही याच डोंगरांतून पाणी मिळतं. म्हणजे माथ्यावर पाळलेल्या नियमाचा लाभ डोंगराखाली राहणाऱ्या अनोळखी शेतकऱ्यालाही होतो. कपडागंडा ही डोंगरिया कोंधांची भरतकामाची शाल पाहिली, तर पांढुरक्या कापडावर लाल, पिवळ्या, हिरव्या धाग्यांचे त्रिकोण ओळीने दिसतात. ते त्रिकोण म्हणजे हेच डोंगर.

पूजेची जागा खाणीपासून लांब आहे, तेव्हा पूजा चालूच राहील, असा युक्तिवाद महामंडळाने केला होता. देवळाची कल्पना डोक्यात असलेल्या माणसाला तो पटेलही. ग्रामसभांमध्ये मात्र लोक सांगत राहिले की सगळा डोंगरच नियमराजाचा आहे. देवाला मोजून दिलेल्या तुकड्यात बसवायला ते तयार नव्हते.

तरीही नुसत्या श्रद्धेवर विसंबणं धोक्याचं आहे. सह्याद्रीतल्या देवरायांनी दुर्मीळ झाडं आणि पाणवठे राखले, हे खरंच. पण कित्येक देवरायांत बायकांवर विटाळाची बंधनं आहेत. जंगल राखलं गेलं आणि अन्यायही राखला गेला. नियमगिरीला न्याय मिळाला तो देवामुळे कमी आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला उभं राहून बोलता आलं म्हणून जास्त. याची दुसरी बाजू गडचिरोलीत दिसते. तिथे एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठरावही केले. तिथून आज लोहखनिज निघतं आहे. देव दोन्हीकडे होता. नियमगिरीत ग्रामसभेचा शब्द अखेरचा मानला गेला, सुरजागडला नाही.

हवामानबदलाच्या काळात संमतीचा हा पेच आणखी अवघड होतो. सौरपॅनेलच्या चौकटीला आणि विजेवरच्या गाड्यांना अ‍ॅल्युमिनियम लागतं. ते बॉक्साइटमधून मिळतं. कोळसा थांबायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण स्वच्छ विजेसाठी कुणाचा डोंगर खणायचा, हे तिथे राहणाऱ्यांना न विचारता ठरलं, तर कोळशाच्या खाणींनी आदिवासींवर जे लादलं तेच नव्या नावाने लादलं जाईल. हवामानाच्या चळवळीने कार्बनच्या हिशेबाइतकीच ग्रामसभेच्या संमतीचीही कसून तपासणी केली पाहिजे. अशा तपासणीची गरज आजही आहे. नियमगिरीजवळच्या सिजिमाळी डोंगरातला बॉक्साइटचा पट्टा 2023 मध्ये वेदांतलाच मिळाला. तिथल्या ग्रामसभांनी खाणीला संमती दिल्याचे ठराव सरकारदरबारी दाखल आहेत, आणि ते ठराव बनावट आहेत अशी गावकऱ्यांची तक्रार आहे.