फरशीखालची नीती

घरातील न्हाणीघर नव्याने करण्याचे काम निघते, तेव्हा घरमालकाचे लक्ष प्रायः फरशीच्या रंगाकडे आणि नळांच्या चकाकीकडे असते. जाणता गवंडी मात्र त्याआधीच्या कामात गुंतलेला असतो. जुनी फरशी उखडायची, खालचे काँक्रीट स्वच्छ करायचे, भेगा आणि नळांभोवतीच्या फटी बुजवायच्या, जलरोधक लेप द्यायचा, विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून जाळीच्या दिशेने उतार साधायचा, जमीन आणि भिंत जेथे मिळतात तेथे गोलाई द्यायची आणि लेप भिंतीवरही चढवत न्यायचा, असा त्याचा क्रम असतो. यानंतर फरशी बसते आणि या साऱ्या श्रमाचा मागमूसही उरत नाही.

फरशीच पाणी अडवते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः फरशी स्वतः पाणी पीत नसली, तरी तिच्या सांध्यांतील सिमेंटचा भराव सच्छिद्र असतो. रोजच्या स्नानाचे पाणी त्यातून थोडेथोडे झिरपते आणि केशाकर्षणाने पसरत जाते. त्याला अडवणारा थर खाली नसेल, तर ते काँक्रीटमधील लोखंडी सळयांपर्यंत पोहोचते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि या दाबाने काँक्रीटच फुटू लागते. हे घडायला कित्येक वर्षे लागू शकतात. तोवर गवंडी दुसऱ्या गावी गेलेला असतो, कंत्राटदाराची पावती हरवलेली असते आणि कदाचित घरही विकले गेलेले असते.

पाणी अडवण्याची विद्या अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे १९२५–२६च्या सुमारास उत्खननात सापडलेले महास्नानगृह सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरच्या आसपास खोल आहे. त्याच्या विटा घट्ट बसवून जिप्समयुक्त गिलाव्याने सांधलेल्या आहेत आणि भिंतीच्या अंतर्भागात डांबराचा थर दिलेला आहे. त्या काळी स्नानाला उतरणाऱ्याला हा थर दिसत नव्हता. तो दिसण्यासाठी साडेचार हजार वर्षांनी भिंत ढासळावी आणि पुरातत्त्वज्ञाने ती वाचावी लागली. तेथील कारागिरांची नावे, भाषा वा देव यांविषयी निश्चयाने काही सांगता येत नाही. त्यांनी झाकलेले काम नीट केले होते, एवढे मात्र सांगता येते.

येथे नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न उभा राहतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लॉकॉन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्या मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते आणि तिच्या बळावर तो राजाला मारून राज्य घेतो. पकडले जाण्याचे भय नसेल तर कोणी न्यायाने का वागावे, हा ग्लॉकॉनचा सवाल आहे. त्या कथेतील अंगठी कर्त्याला झाकते. फरशी कर्त्याला झाकत नाही, त्याचे कर्म झाकते. गवंडी भर दिवसा, सर्वांसमोर काम करतो. तरीही लेपाचा दुसरा हात दिला की नाही, कोपरा सुकू दिला की नाही, हे पाहणारा बहुधा कोणी नसतो. अद्भुत अंगठीची कथा येथे रोजच्या व्यवहारात उतरलेली असते.

तथापि या प्रश्नाचा सारा भार गवंड्यावर टाकणे हे सुखवस्तू माणसाचे नीतिशास्त्र होईल. ज्याला रोजंदारी मिळते, त्याला लेप सुकण्याची वाट पाहणे परवडत नाही. ज्या कंत्राटदाराने सर्वांत कमी दराने काम घेतले आहे, त्याने तो दर कोठून तरी वसूल करायचाच असतो. आणि घरमालक दिसणाऱ्या फरशीसाठी खर्च करताना हात आखडत नाही, पण न दिसणाऱ्या थरासाठी घासाघीस करतो. झाकलेल्या कामातील अप्रामाणिकपणा असा अनेकांच्या संमतीने घडतो. त्यातला शेवटचा हात तेवढा गवंड्याचा असतो.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथात निष्काम कर्माची सांगड लोकसंग्रहाशी घातली, तिचे मर्म अशा ठिकाणी उमगते. फलाची आसक्ती सोडावी याचा अर्थ काम कसेही व्हावे असा अनेकजण लावतात. त्यांच्याकडून फल आणि परिणाम यांची गल्लत होते. कर्त्याच्या वाट्याला येणारे श्रेय, स्तुती, मोबदला हे फल; कर्मामुळे इतरांच्या जीवनात जे घडते तो परिणाम. चांगल्या जलरोधनाचे फल जवळजवळ शून्य असते, कारण ते यशस्वी झाले की काहीच घडत नाही. न घडलेल्या गळतीबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. फलाचा त्याग येथे कामाच्या स्वरूपानेच करून टाकलेला असतो. परिणामाची चिंता मात्र कर्त्याला स्वतःहून वाहावी लागते.

हा परिणाम भोगणारा बहुधा खालच्या मजल्यावर राहतो. गवंड्याला कामावर त्याने लावलेले नसते, करारावर त्याची सही नसते, फरशीची निवडही त्याला कोणी विचारलेली नसते. पण ओल उमटते ती त्याच्या छतावर. स्थावर संपदेविषयीच्या २०१६च्या कायद्याने नव्या इमारतीतील बांधकामाच्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ओल मुदत पाळत नाही. आणि जुन्या घरात मालकाने स्वतः काढलेल्या कामापर्यंत ही तरतूद पोहोचतही नाही. जेथे कायदा थांबतो तेथून पुढे शेजारधर्म सुरू होतो.

या कारागिरीने त्यासाठी एक साधा संस्कारही घालून दिला आहे. लेप सुकल्यावर निचऱ्याचे तोंड बंद करून न्हाणीघरात पाणी भरतात आणि एक-दोन दिवस ते तसेच ठेवतात. या चाचणीत अविश्वास पाहणे चूक आहे. फरशी बसण्यापूर्वी, म्हणजे चूक कबूल करणे अद्याप स्वस्त असताना, कामाला बोलू देण्याची ती रीत आहे. मालकाने तेवढे दिवस द्यावेत आणि त्या दिवसांची मजुरीही द्यावी. गवंड्याने त्या पाण्याकडे मोकळ्या मनाने पाहावे. मग दोघांनी मिळून जिना उतरावा, खालच्या घराचे दार वाजवावे आणि छत कोरडे आहे ना, असे विचारावे. झाकलेल्या कामाची नीती बहुतांशी या एका प्रश्नात सामावलेली आहे.