सर्वश्रेष्ठ बॉम्बर आणि सस्पेन्स खाते

सर्वश्रेष्ठ कोण, या प्रश्नावाचून मराठी माणसाचा एक दिवस जात नाही. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा, मिसळ पुण्याची की कोल्हापूरची, फलंदाज गावसकर की तेंडुलकर? या वादांत आजवर एकाही पक्षाने माघार घेतल्याचे ऐकिवात नाही, आणि तेच बरे आहे. वाद मिटले तर आम्ही लंच टाइममध्ये करायचे काय? मी बी.कॉम. झालेला साधा बँक क्लार्क. विमान चालवणे सोडाच, विमानात खिडकीजवळची जागासुद्धा मला अजून मिळालेली नाही. तरीही जगातले सर्वश्रेष्ठ बॉम्बफेकी विमान कोणते, या विषयावर परवा मी बँकेत बसून अडीच तास वाद घातला.

निमित्त झाले लिंक जाण्याचे. बँकेत लिंक गेली की पैसे निघत नाहीत, भरता येत नाहीत आणि पासबुकही छापून मिळत नाही. त्यात महिना नोव्हेंबरचा. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा. सकाळी सव्वादहालाच हॉल भरला होता आणि रांगेत पहिला नंबर आमच्याच बिल्डिंगमधल्या सार्जंटकाकांचा होता. वायुदलातून निवृत्त होऊन त्यांना कैक वर्षे झाली. वय पंच्याऐंशीच्या घरात. काका माझ्यासमोर खुर्चीत बसले होते, श्वास घेत होते, "अरे, पंखा वाढव जरा" असे मला दटावत होते; पण लिंक नसल्यामुळे ते हयात आहेत असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

अशा वेळी मी ड्रॉवरमधून चिरंजीवांचे प्लॅस्टिकचे लँकेस्टर विमान बाहेर काढले. त्याचा पंख तुटला होता. जगातला सर्वांत चिवट डिंक बँकेत असतो, अशी चिरंजीवांची समजूत आहे. (आमच्या डिंकाने पाकिटसुद्धा चिकटत नाही, हे बापाच्या अब्रूखातर मी सांगितलेले नाही.) विमान टेबलावर ठेवले मात्र, सगळा स्टाफ गोळा झाला.

"लँकेस्टर! याच्यापुढं कोण जाणार?" आमचे हेडकॅशियर म्हणाले. ज्यात मोजण्यासारखे काही आहे ते त्यांना आवडते. "सात हजारांवर विमानं बनली. तीन-साडेतीन वर्षांत सहा लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सहा लाख टन!" नोटांची बंडले मोजून संपवल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होते.

वसुली अधिकाऱ्यांचे मत बी-५२ ला. "१९५२ साली पहिल्यांदा उडालं, शेवटचं १९६२ साली बनलं आणि अजून नोकरीत आहे. आम्हाला साठाव्या वर्षी नारळ देतात!" कर्ज विभागातल्या बाईंनी मॉस्किटोचे नाव काढले. हे विमान चक्क लाकडी. फर्निचर बनवणाऱ्या कारखान्यांनी त्याचे भाग तयार केले. ३० जानेवारी १९४३ रोजी गोअरिंग बर्लिनच्या रेडिओवर भाषण करणार, नेमक्या त्याच वेळी मॉस्किटो बर्लिनवर आली आणि भाषण तासाभराहून अधिक लांबले. "पुढाऱ्याचं भाषण थांबवणारं विमान," बाई म्हणाल्या, "यापेक्षा सर्वश्रेष्ठ काय असतं हो?" यावर सर्वपक्षीय एकमत होण्याची वेळ आली होती.

पण आमचा ठेवी विभाग गप्प बसेल तर ना! त्याने लिबरेटरचे घोडे पुढे दामटले. जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेले बॉम्बर तेच, सुमारे अठरा हजार. ऐन भरात फोर्डच्या एका कारखान्यातून तासाला एक विमान बाहेर पडे. युद्ध संपल्यावर परदेशी फौजांनी कानपूरला कित्येक लिबरेटर मोडतोड करून टाकून दिली. पुन्हा कुणी वापरू नयेत हा हेतू. आपल्या लोकांनी त्याच भंगारातून ती जुळवली, उडवत बंगळूरला नेली, तिथे हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती ठाकठीक केली आणि वायुदलाने १९६८ पर्यंत वापरली. जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या समाजाला याहून आपलेसे वाटणारे बॉम्बर कुठले?

मी कॉमर्सचा माणूस. तोंडी हिशेब मला मान्य नाही. मी पे-इन स्लिपच्या पाठीवर तक्ता आखला. वेग, पल्ला, वजन, सेवेची वर्षे; प्रत्येकी दहा गुण. आणि लँकेस्टरला बोनस म्हणून धरणांची ती प्रसिद्ध कामगिरी घातली. लहानपणापासून मी तिच्यावर फिदा आहे. बार्न्स वॉलिस नावाचा इंजिनिअर घराच्या अंगणात टबातल्या पाण्यावरून मुलीच्या गोट्या उडवून बघतो काय, चपटा दगड तळ्यात टप्पे खात जातो तसा चार टनांचा बॉम्ब पाण्यावरून टप्पे खात धरणाच्या भिंतीला भिडवतो काय! १६ मे १९४३ च्या रात्री एकोणीस लँकेस्टर निघाली. पाण्यापासून उंची फक्त साठ फूट. ती अंधारात कळावी म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे लावले. दोन्हींचे प्रकाशझोत पाण्यावर एकत्र आले की समजायचे, साठ फूट झाले. जर्मनीची म्योन आणि एडर ही दोन धरणे फुटली. हे सगळे मी हातवारे करून सांगत होतो. पंख नसलेले लँकेस्टर माझ्या हातात टेबलावरच्या ग्लासावरून झेपावत होते.

"आठ परत आली नाहीत," सार्जंटकाका म्हणाले.

"हो ना काका, त्रेपन्न वैमानिक गेले. केवढं शौर्य!"

"आणि खाली?"

मी थांबलो. खालचा आकडा मला ठाऊक होता. वाचलेला होता, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. तेराशेच्या आसपास माणसे त्या पाण्यात बुडाली. त्यात पुष्कळजण तर जर्मन नव्हतेच. पूर्वेकडून धरून आणलेले वेठीचे मजूर, कैदी, कितीतरी बाया.

"तुझी आजी कुठं राहायची रे?" काकांनी विचारले.

आजी शनिवारात राहायची. आता पुणेकर वाचकाला पुढचे सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासला फुटले आणि नदी गावात शिरली. आमच्या घरात त्यानंतर कालगणनेच्या दोनच पद्धती होत्या, पुराआधी आणि पुरानंतर. लग्नातली भांडी पुराआधीची, सगळे फोटो पुरानंतरचे. आजी म्हातारपणीसुद्धा रात्री नळाचा आवाज आला की उठून बसायची. या आजीच्या मांडीवर बसून मी ती गोष्ट शंभरदा ऐकली आणि त्याच मी धरण फोडणाऱ्या विमानाला बोनस गुण दिले! एकाच डोक्यात या दोन गोष्टी चाळीस वर्षे शेजारी राहिल्या. पण चाळीतल्या भांडलेल्या बिऱ्हाडांसारखी त्यांची बोलाचाल कधी झाली नाही.

विषय बदलावा म्हणून मी बी-२९ कडे वळलो. तो तर अधिकच अवघड निघाला. हिरोशिमावर गेलेल्या विमानावर वैमानिकाने आपल्या आईचे नाव रंगवले होते, एनोला गे. आपल्याकडे रिक्षांच्या मागे 'आईचा आशीर्वाद' असतो, त्याच मायेने. आणि ९ ऑगस्ट १९४५ ला दुसरे विमान निघाले होते कोकुरा शहरावर. तिथे नीट दिसेना म्हणून घिरट्या घालून ते नागासाकीला गेले. आता सांगा, कोकुरा वाचले याचे गुण कुणाला द्यायचे? वेगाच्या रकान्यात लिहू की पल्ल्याच्या? हेडकॅशियर टाचणीने दात कोरू लागले. टन मोजायचा उत्साह ओसरला होता.

"काका, तुमचं मत कुणाला?" बाईंनी विचारले.

"मी कॅनबेरावर होतो. लोहगावला. बॉम्ब लावायचं काम." काका सावकाश बोलत होते. "पूर आला त्याच वर्षी, डिसेंबरात, गोव्याची मोहीम. १८ तारखेला सकाळी बारा कॅनबेरा दाभोळीवर गेली. हुकूम असा, की धावपट्टी फोडा, इमारतींना धक्का लावू नका. ६३ हजार पौंड टाकले. वीस वर्षांचा होतो मी. विमानं परत येईपर्यंत पाणी घशाखाली उतरेना. परत आली, तर पहिला प्रश्न काय विचारला असेल? धावपट्टीवर कोण होतं का."

"मग?"

"मग काय! पट्टी फोडली, इमारती तशाच. आणि त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले आणि दोन मोठी विमानं बायकापोरं घेऊन निसटली." काका हसले. "आमच्या साहेबांचा जळफळाट झाला. मी मात्र त्या रात्री झोपलो. पुढं नातवंडांबरोबर गोव्याला गेलो तेव्हा दाभोळीला उतरताना चाकाला हादरा बसला. म्हटलं, हा खड्डा आपलाच."

मी टाळी वाजवून पेन उचलले. उत्तर सापडले होते! पट्टी फोडणारे, माणसे सोडणारे, १९५७ पासून २००७ पर्यंत पन्नास वर्षे आपल्या वायुदलात राबलेले, शिवाय आमच्या लोहगावचे! देशाभिमान, पुणेरी अभिमान आणि सदसद्विवेकबुद्धी यांची एकाच रकान्यात सोय लागत होती. मी कॅनबेराला दहापैकी दहा लिहायला घेतले.

"खोड ते," काका म्हणाले.

"का हो?"

"तुला गोव्याचं सांगितलं, कारण ते सांगता येतं. पासष्ट आणि एकाहत्तरलाही मी बॉम्ब लावले. तेव्हा विमानं रात्री जायची, लांब. अंधारात कुठला बॉम्ब कुठं पडला, हे टाकणाऱ्याला पुरतं ठाऊक नसतं. मी तर इथं जमिनीवर उभा. काम करायला पाहिजे होतं, केलं. पुन्हा सांगितलं तर पुन्हा करीन. पण दहा गुण मागायला यायचो नाही."

हॉलमध्ये शंभर माणसे होती, तरी आमच्या काउंटरपाशी शांत झाले.

कॉलेजात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले होते, की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे असतेच. जगातली सर्वश्रेष्ठ बॉम्बर्सची यादी ही एकेरी नोंदीची वही आहे. जमेची बाजू वरच्यांच्या दप्तरात, नावे बाजू खालच्यांच्या घरात. आणि दोन्ही वह्या एका टेबलावर कुणी आणीत नाही. आणल्या तर बॉम्बर बनवूच नयेत असे सिद्ध होईल का? तेही नाही. गोअरिंगची राजवट निवेदने देऊन गेली नसती, हे मला कळते. काम लागते, हे काकांनाही मान्य. पण आवश्यक असणे वेगळे आणि सर्वश्रेष्ठ असणे वेगळे. कर्ज काढावे लागते म्हणून कर्जाचा वाढदिवस कुणी करीत नाही.

मी तक्त्याला आणखी एक रकाना जोडला, 'खाली कोण होते'. तो भरेना. हिशेब जुळत नाही तेव्हा बँकेत फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. ते खाते बुडीत नसते, फेडलेलेही नसते. दर तिमाहीला ऑडिटर येऊन विचारतो, हे अजून शिल्लक का? तिथेच मी हा प्रश्न टाकला. ऑडिटर म्हणून काका पुरेसे आहेत.

दीड वाजता लिंक आली. काकांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्र म्हणाले, जुळत नाही. दुसऱ्यांदा ठेवला, जुळत नाही. रेषाच झिजल्या होत्या. काकांनी अंगठा धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा दाबून ठेवला आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"झालं काका. हयात आहात."

"मला माहीत होतं," काका म्हणाले आणि पंख नसलेले विमान माझ्यापुढे सरकवून, काठी टेकत निघाले.

चिरंजीवांनी संध्याकाळी विचारले, "बाबा, सर्वांत बेस्ट बॉम्बर कुठलं ठरलं?" मी म्हणालो, "आधी पानशेतची गोष्ट ऐक."