८३ रुपयांचा सावकार

एप्रिल २०२० मध्ये माझा एक हप्ता आला नाही. रक्कम ८३ रुपये.

सांगायला लाज वाटते, पण मी दिवसातून तीनदा ॲप उघडून बघत होतो. बाहेर टाळेबंदी होती. माझा पगार पूर्ण येत होता. आणि पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या नावापुढचा लाल ठिपका बघून मी वैतागत होतो.

मागचं थोडं सांगतो. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी एका संकेतस्थळावरून पाच जणींना प्रत्येकी हजार रुपये कर्ज दिलं. पद्धत सोपी होती. यादीत फोटो, नाव, गाव आणि कर्जाचं कारण: शिलाई मशीन, दोन शेळ्या, दुकानाचा माल. अनेकांचे हजार-हजार मिळून एक कर्ज उभं राहतं. स्थानिक संस्था ते देते, हप्ते गोळा करते आणि बारा महिन्यांत मूळ रक्कम आपल्या खात्यात परत येते. मला व्याज नाही. परत आलेले पैसे पुढच्या कुणाला द्यायचे. इंजिनिअरच्या डोक्याला हे फार पटलं. दान एकदाच खर्च होतं. इथे तेच पाच हजार पुन्हा पुन्हा कामाला येतात.

शिवाय यात समोरच्याचा मान राहतो, असं वाटायचं. फुकट घेतलं की माणूस मिंधा होतो; कर्ज फेडलं की हिशोब मिटला. हा विचार जुना आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर आहे गरजूला कर्ज देणं, भागीदार करून घेणं किंवा काम मिळवून देणं. म्हणजे पुढे त्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

मग माझा वैताग कुठून आला?

मी ते हजार रुपये देऊन टाकले असते, तर एप्रिलमध्ये त्या बाई आठवल्या असत्या, किंवा काहीच आठवलं नसतं. कर्ज दिल्यामुळे मला आधी आठवले माझे ८३ रुपये. परतफेड गृहीत धरली आणि तिची अडचण हा माझ्यावरचा अन्याय झाला. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. यादी बघताना मी ‘जोखीम कमी’ असा क्रम लावला होता. ज्यांचं पूर्वीचं कर्ज वेळेवर फिटलं, ज्यांचा धंदा आधीच चालू आहे, त्या वर. सगळ्यात जास्त गरज ज्यांना असावी, त्या शेवटच्या पानावर. तिथपर्यंत मी गेलोच नाही.

फोटोंचीही एक गंमत असते. ‘किवा’ ही संस्था २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. तिथे २५ डॉलरपासून कर्ज देता येत असे. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या संशोधकाने दाखवून दिलं, की तिथली बहुतेक कर्जं फोटो साइटवर येण्याआधीच दिलेली असतात. आपले पैसे जातात ते संस्थेची तिजोरी भरून काढायला. देणाऱ्याला व्याज नसलं, तरी घेणाऱ्याला ते बहुतेकदा असतंच. हे कळल्यावर मीही माझ्या साइटच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. त्या बाई व्याज भरत होत्या. ते माझ्याकडे न येता वसुलीचा खर्च भागवायला जात होतं.

आणि कर्जाने आयुष्य पालटतं का? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या १०४ वस्त्यांचा अभ्यास केला. सूक्ष्मकर्ज पोचलेल्या वस्त्यांत धंद्यातली गुंतवणूक थोडी वाढली. पण मुलांचं शिक्षण, आरोग्य, बायकांचा घरातला शब्द यांत ठळक फरक दिसला नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. मी शाळेत तो धडा शेतकऱ्यांच्या बाजूने वाचला होता. आता माझ्या मोबाइलमध्ये एक खतावणी होती.

आईला हे सांगितलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ती वर्षानुवर्षं हातउसने देत आली आहे आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. ती म्हणाली, “अरे, द्यायचं तर देऊन मोकळा हो. उसने द्यायचे तर लिहून ठेव. देताना दानशूर आणि घेताना सावकार, असं दोन्ही करू नकोस.”

मला आधी वाटलं, आईचंच बरोबर. मावशी तिला तोंडावर सांगू शकतात, की या महिन्यात जमणार नाही. आई दिवाळीला एखादी नोंद गुपचूप खोडू शकते. माझ्या ॲपमध्ये खोडायची सोय नव्हती. पण मग लक्षात आलं, उसने फिटेपर्यंत मावशींना आमचं काम सोडता येत नाही, सुट्टी मागतानाही त्यांचा आवाज बारीक होतो. ओळखीच्या माणसाचं कर्ज नात्यात शिरतं. अनोळखी माणसाच्या कर्जात निदान कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही, अशी मी समजूत घातली.

सप्टेंबरमध्ये थकलेले पाच हप्ते एकदम आले. ४१५ रुपये. ठिपका हिरवा झाला. ते पैसे तिने कुठून आणले? काम सुरू झालं होतं, की मशीन विकलं, की दुसरीकडून कर्ज काढलं? ॲपला ते विचारायचंच नव्हतं. एप्रिलमध्ये मलाही नव्हतं.

त्यानंतर मी एक नियम केला. कर्ज दिलं, की माझ्या हिशोबात ते त्याच दिवशी खर्च. सूचना बंद. परत आलं तर पुढे जातं, नाही आलं तर ते दान.

काही महिने हे उत्तर मला पुरलं. मग जाणवलं, की तिला यातलं काहीच माहीत नाही. तिच्यासाठी ते कर्जच आहे आणि वसुलीचा माणूस ठरल्या तारखेला दाराशी येतोच. मन मोकळं झालं ते माझं. तिच्या डोक्यावरचं ओझं जिथल्या तिथे आहे.

म्हणून आता वर्षाचे निम्मे पैसे मी कर्ज म्हणून देतच नाही, सरळ देऊन टाकतो. उरलेले अजून कर्जात जातात, कारण काही जणींना खरोखर भांडवलच हवं असतं. पण यादी उघडल्यावर सुरुवात आता शेवटच्या पानापासून करतो.