पंडिता आणि विहीर

ज्याला रान कळतं त्याला पुस्तक कळत नाही, आणि ज्याला पुस्तक कळतं त्याच्या हाती विळा देऊ नये, अशी आमच्या गडहिंग्लजकडे ठाम समजूत आहे. हा दुसरा वर्ग बहुतेक बँकेत चिकटतो.

युरोपात मात्र सहाव्या शतकात बेनेडिक्ट नावाच्या साधूनं मठाचं वेळापत्रकच असं बांधलं, की काही तास हाताचं काम आणि काही तास धर्मग्रंथाचं वाचन. पण युरोप कशाला? पुणे जिल्ह्यातलं केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. आपल्याला असं कोणी म्हटलं असतं, तर आपण जन्मभर शाल सांभाळत बसलो असतो. या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली केडगावच्या माळावर आणल्या, विहिरी खणल्या, शेती उभी केली. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ बायबलावरून मराठी भाषांतर मांडलं. त्या १९२२ साली गेल्या. आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवलेलं ते अख्खं बायबल १९२४ साली छापून झालं.

गंमत म्हणजे संस्कृत एवढं जिभेवर असूनही भाषा त्यांनी साधी धरली. खुरपं ठेवून आलेल्या पोरीला कळावं म्हणून!

आता, भुकेल्या पोरीला भाकरी द्यायची आणि वर आपला देवही द्यायचा, हे न्यायाचं का? हा आक्षेप त्या काळीही होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाकरी देणाऱ्याला ‘नको’ म्हणणं फार जड जातं. पण मला वाटतं, ‘नको’ म्हणायचं तरी आधी कळावं लागतं. न कळणाऱ्या पोथीपुढे माणूस नुसती मान डोलावतो.

आमचे कर्जाचे कागद पाहा. ‘सदरहू मिळकत’, ‘उपरोक्त तारण’, ‘येणेप्रमाणे’! लिहिणाऱ्याला कलकत्त्यानं काही दिलेलं नाही, तरी हा थाट. एकदा एक म्हातारे शेतकरी शाईत अंगठा बुडवून थांबले.

“सायेब, ह्यात काय लिवलंय?”

“आबा, हप्तं थकलं तर रान जाईल, असं लिवलंय.”

आबांनी अंगठा धोतराला पुसला, “पोराला इचारून येतो” म्हणाले आणि गेले. आमचे मॅनेजरसाहेब आठवडाभर माझ्याशी फक्त चिठ्ठ्यांतून बोलत होते. त्याही ‘उपरोक्त’ भाषेत.