सावरगावची मुलगी आणि आरोपीचा वकील

मध्यप्रदेशातील मराठी मुलुखात जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. माणसे रक्तबंबाळ होतात, क्वचित् प्राणासही मुकतात. अखेरीस झेंडा चंडीमातेच्या मंदिरी अर्पण होतो. प्रथेमागची कथा अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी उतरत असता इकडून दगड आले, तिकडून उलट आले आणि मध्ये सापडलेली ती दोघे गेली.

कोणी सांगतात, त्यांचे परस्परांवर प्रेम होते. कोणी सांगतात, त्याने तिला पळविले. नीतीच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. तरीही कथा दोन्ही तऱ्हांनी बिनबोभाट चालते, कारण त्या मुलीची इच्छा काय होती, हे विचारण्याची गरज कोणत्याच काठाला भासली नाही.

आपल्या दंडविधानालाही हा प्रश्न उशिराच सुचला. स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१३ साली, भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड अन्वये. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविली असताही जवळीक साधण्यासाठी वारंवार तिच्या मागे जाणे वा संपर्क करणे, तसेच तिच्या इंटरनेट, ई-मेल इत्यादींवर पाळत ठेवणे, हा तो गुन्हा होय. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे.

यातील ‘वारंवार’ हा शब्द पुष्कळांना खटकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२४ साली, केवळ एकदा मागे गेल्याने हा गुन्हा सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला, तेव्हा काहींना तो आरोपीचा कैवार वाटला असेल. तसे वाटणे मी समजू शकतो. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने भर रस्त्यात पेटविले. आठवडाभराने ती गेली. २०२२ साली त्यास जन्मठेप झाली खरी. परंतु अशी वार्ता ऐकल्यावर कोणाचा हात दगडाकडे जाणार नाही?

तरीही आरोपीस वकील हवाच, असे माझे मत आहे. आणि ते केवळ आरोपीच्या दयेपोटी नव्हे. तिने नकार केव्हा दिला, कोणत्या शब्दांत दिला, त्यानंतर तो किती वेळा आला, हे प्रश्न बचावाचा वकील विचारतो. आणि नेमके हेच प्रश्न त्या दोन काठांनी विचारले नव्हते. उलटतपासणीत टिकलेला नकार मग कोणाला पुसता येत नाही. अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असे ठराव वकील मंडळे अधूनमधून करतात. असे ठराव बेकायदेशीर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले आहे. ठरावाचा कागद हाही एक दगडच.

अर्थात् बचाव म्हणजे चिखलफेक नव्हे. मागे गेलोच नाही, नकार कळविलाच नव्हता, कामानिमित्त जाणे रास्त होते, असे म्हणण्यास कायद्यात वाव आहे. परंतु संमतीचा प्रश्न असता तिच्या चारित्र्याचा पुरावा कायदा ग्राह्य धरीत नाही. आमच्या देवळांच्या ओसरीवर मात्र तोच पुरावा प्रथम हजर होतो! “तीच हसली असेल,” असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या हसण्याची तारीख सांगावी.

मोफत विधी साहाय्य कोणास मिळावे, याची यादी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. तीत स्त्रिया आहेत, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो. आणि त्याच यादीत, थोडे खाली, कोठडीत असलेला माणूसही आहे.