हक्काची मतं

ऑक्टोबर २०१९. सांगोल्याची मतमोजणी संपली आणि शेतकरी कामगार पक्षाची (शेकाप) जागा ७६८ मतांनी गेली. गणपतराव देशमुखांना, म्हणजे आबासाहेबांना, ११ वेळा आमदार करणारा हा मतदारसंघ. वयामुळे आबासाहेब उभे राहिले नव्हते, उमेदवार त्यांचा नातू होता. पिढ्यान्‌पिढ्या लाल बावटा धरणाऱ्या एका वाडीत त्या रात्री चुली उशिरा पेटल्या.

वाडीतलं बूथ सांभाळणारा पोरगा पारावर तणतणत होता. "पैसा जिंकला, तात्या. आन आपला पक्ष तरी आता कुठं ऱ्हायलाय? जेध्यांनी, मोऱ्यांनी काढलेला पक्ष. एकेकाळी विधानसभेत विरोधी पक्षनेता आपला असायचा. आता एक-दोन जागांची मारामार. मोठ्या पक्षात गेलेलं बरं."

तात्यांनी साऱ्या निवडणुका याच बूथवर काढलेल्या. ते म्हणाले, "जायचं तर जा. पर आधी तुझी यादी आण."

पोराने मतदारयादी आणली. नावांपुढे पेन्सिलीच्या खुणा होत्या: आपल्या माणसाला टिकली, विरोधकाला फुली, कुंपणावरच्याला प्रश्नचिन्ह.

"प्रश्नचिन्हाच्या घरी किती खेपा झाल्या?"

"चार-पाच. एकाच्या तर जावयालासुदिक भेटून आलो."

"फुलीवाल्याकडं?"

"दोनदा गेलो. म्हनलं, बघू फुटतोय का."

"आन टिकलीवाल्याकडं?"

पोरगा हसला. "त्यांच्याकडं कशाला? ती तर हक्काची मतं."

तात्यांनी दुसरा कागद मागितला. मतदानाच्या दिवशी शाळेत बसलेल्या पोलिंग एजंटाने आलेल्यांची नावं खोडलेली यादी होती ती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून तात्या एकेका ओळीवरून बोट फिरवू लागले. टिकली होती, पण नाव खोडलेलं नव्हतं, अशी पाच नावं निघाली.

दुसऱ्या दिवशी दोघं त्या पाच जणांच्या घरी गेले. एक जण पुण्याला कामाला होता. त्याचा बाप म्हणाला, "सुट्टी टाकली आसती, पर कुणाचा फोनच न्हाय." एक सून नव्याने नांदायला आलेली. तिचं नाव यादीत चढलं होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरं घर वस्तीवरच्या म्हातारीचं. तिने चहा टाकला आणि देवळीतून मतदाराची चिठ्ठी काढून पोराच्या हातात दिली. चिठ्ठीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"लुगडं बदलून बसले हुते की," ती म्हणाली. "दर टायमाला कुणीतरी गाडी घिऊन यायचं. औंदा तुमची गाडी दारावनं दोनदा गेली, पर थांबली न्हाय. म्हनलं, आता आमची गरज सरली."

ती गाडी पोरगाच चालवत होता. दोन्ही खेपांना तो पुढच्या वस्तीवरच्या एका प्रश्नचिन्हाला आणायला निघाला होता.

परतताना तात्यांनी हिशेब मांडला. "७६८ मतं. मतदारसंघातल्या बूथांवर वाटून बघ. बूथमागं तीनच्या आसपास येत्यात. आपल्या बूथवर पाच घरात बसून ऱ्हायली. पैसा वाटला आसंल, न्हाय म्हनत न्हाय. पर या पाचांना कुणी पैसा दिलावता? १९९५ ला आबासाहेब १९२ मतांनी पडले, तवाबी आमी आधी पैशालाच शिव्या घातल्या. मग याद्या काढल्या, आन १९९९ ला जागा परत आणली. डाळिंबाची बाग धरली म्हून पाणी तोडून चालतंय का?"

पोरगा पक्ष सोडून गेला नाही. त्याने नवी वही केली आणि टिकलीवाल्यांची घरं पहिल्या पानावर घेतली. कुणाचं नाव यादीत चढवायचं, कोण परगावी आहे, कुणाला चालवत नाही, हे तो निवडणूक नसतानाही विचारत फिरू लागला. २०२१ च्या जुलैत आबासाहेब गेले, तेव्हा आता सारं संपलं असं अनेकांना वाटलं. त्या आठवड्यातही त्याच्या फेऱ्या चालू होत्या.

२०२४ ला सांगोल्यात तिरंगी लढत झाली आणि आबासाहेबांचे दुसरे नातू २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. राज्यभरात शेकापची ती एकच जागा. त्या विजयामागे कारणं पुष्कळ होती, एका वहीने निवडणूक जिंकली असं कुणी म्हणणार नाही. पण त्या वाडीच्या बूथवर टिकली असलेलं एकही नाव खोडायचं राहिलं नाही. वस्तीवरची म्हातारी सकाळी पहिल्या गाडीने आली होती.

तात्पर्य : छोटा पक्ष विरोधकाच्या पैशाने जेवढा हरतो, त्याहून जास्त आपल्याच माणसाला गृहीत धरल्याने हरतो. कुंपणावरच्याची मनधरणी करायला खुशाल जा, पण वाटेत आपल्या माणसाचं घर लागलं तर गाडी थांबवा.