वस्ताद आणि चेले

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तीचे डोळे रेखायचा ब्रश पोराच्या हाती लगेच येत नाही. आधी माती मळायची.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करत शिकला. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये वस्तादांनी त्याला शेतकरी केलं. १९२९मध्ये शांताराम आणि कंपनीतलेच दामले, फत्तेलाल बाहेर पडले आणि त्यांची ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी राहिली. वस्तादांच्या मनाला ते लागलं असणारच. लागू नये कसं?

पण १९४७मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. संस्था शांतारामांची, राजकमल. दिग्दर्शनात बाबूराव पेंटर. त्या सेटवर ‘कट’ कोण म्हणत असेल हो?